नाक्याच्या लिंबातली कडी

ठेकेदाराकडे लाकूड कापायच्या दोन मशिनी होत्या. दोन्ही पेट्रोलवर चालायच्या, दोन्हींना दातेरी चेन होती, पण गुण वेगळे. मोठीला दोन माणसं लागत, एक इंजिनापाशी आणि दुसरा पात्याच्या टोकाची मूठ धरून. ती सावकाश कापायची, पण जुनी चिंच असो की ओली बाभळ, मध्येच अडायची नाही. छोटी एकट्यानं चालवता यायची. मऊ लाकडात ती मोठीच्या कितीतरी पुढं असायची; बाभळीत मात्र तिची धार लवकर जायची आणि पात्याचं टोक कशाला टेकलं की ती अंगावर उसळायची.

कळंब-बार्शी रस्ता रुंद करायचं काम होतं. मी मुकादम होतो. मशिनी चालवणारा मिस्त्री कळंबचाच, पुण्याकडं कारखान्यात काम शिकून आलेला. कुठल्या कामाला कुठली मशीन न्यायची हे तोच ठरवायचा. एकदा वादळात बाभळ एसटीच्या टपावर आडवी झाली, आत माणसं अडकली. सगळे म्हणाले, मोठी आणा. त्यानं छोटी घेतली, टपावर चढला आणि काकडी चिरावी तसे फांदीचे तुकडे पाडत गेला. मोठीच्या हादऱ्यानं टप खाली बसला असता, असं त्यानं नंतर सांगितलं. दुसऱ्या वेळी एका विहिरीत मोटेची तुळई कोसळून अडकली होती. तिथं त्यानं कुठलीच मशीन खाली नेली नाही. धूर विहिरीतच राहतो म्हणाला, आणि कमरेला दोर बांधून हातकरवतीनं तुळई कापली.

त्याच्या दोन सवयी होत्या. मशीन सुरू करायच्या आधी तो चेन दोन बोटांनी ओढून बघायचा. आणि झाडाला पातं लावायच्या आधी तिथल्या माहितगार माणसाला विचारायचा, यात लोखंड आहे का? लोक झाडात खिळे ठोकतात, जनावरं बांधायला कड्या मारतात. साल वाढली की वरून काही दिसत नाही. नुसता संशय असला तरी तो आधी कुऱ्हाड लावायचा.

त्या दिवशी एका मोठ्या लिंबाची पाळी होती. निजामाच्या काळात तिथं करोडगिरीचा नाका होता. बार्शीकडून येणाऱ्या मालावर जकात घ्यायची म्हणून रस्त्यावर आडवी साखळी असायची. साखळीचं एक टोक खांबाला आणि दुसरं या लिंबात ठोकलेल्या जाड कडीत. ती साखळी लावायचं आणि सोडायचं काम माझं होतं. पोरवयात मी तिथं शिपाई होतो. विलीनीकरणानंतर नाका उठला आणि मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

दुपारी मजूर त्याच लिंबाखाली भाकरी खात बसले होते. नाक्यावरची माणसं बायकांची गाठोडीसुद्धा सोडून बघायची, असं एकजण सांगत होता. त्याच्या आईचंही गाठोडं सोडलं होतं. बाकीचे नाकेवाल्यांना शिव्या घालत होते. मीही हसून एक शिवी घातली.

जेवणं झाल्यावर मिस्त्रीनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "मुकादम, लोखंड हाय का यात?"

हो म्हटलं असतं तर तुला कसं ठाऊक, हे कुणीतरी विचारलंच असतं. मी मनाशी हिशेब केला. कडी कमरेच्या उंचीला होती, झाड तेव्हापासून केवढं वाढलं, कडीही वर गेली असणार. कापायचं तर गुडघ्याजवळ होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "लिंब साफ हाय."

त्यानं चेन ओढून बघितली आणि छोटी मशीन लावली. लिंब तिच्या जोगता होता.

झाडाचा शेंडा वाढतो. खोडातली कडी आहे तिथंच राहते. वर आली होती ती जमीन. रस्त्यावर आम्हीच इतकी वर्षं मुरूम टाकत आलो होतो, आणि कमरेची कडी गुडघ्याला आली होती. पातं तिच्यावर आदळलं. चेन तुटून उलटी आली आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं फाडून गेली. त्याला ट्रकमधून दवाखान्यात नेलं. मी एकटा मागं राहिलो, पहारीनं कडी उपसली आणि मुरमाखाली दाबली. संध्याकाळी ठेकेदारानं विचारलं तेव्हा मी मजुरांसमोर सांगितलं, मिस्त्रीनं चेन ढिली ठेवली होती.

बोटं पुन्हा नीट वळली नाहीत, पण त्याचं नुकसान बोटांनी झालं नाही. डाव्या हातानं तो मशीन चालवू शकला असता. पण ज्यानं चेन ढिली ठेवली त्याच्या हातात मशीन कोण देणार? पुढं तो वखारीत लाकडं रचत राहिला, आणि लोक चेष्टेनं 'ढिली चेन' म्हणत राहिले.

तो गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याच्या मुलाची कळंबला लाकडाची गिरणी आहे. खाटेची फळी कापायला मी तिथं गेलो होतो. माझ्यापुढचं गिऱ्हाईक हसत मुलाला म्हणालं, "चेन बघून लाव बरं. बापावर जाऊ नको."

मुलानं त्याचं लाकूड कापून दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मशीन बंद केली.

"चेन ढिली नव्हती हे आमच्या घरात ठाऊक हाय, बाबा," तो म्हणाला. "मशीन सुटल्यावर सायकलचीबी चेन बोटांनी ओढून बघायचे ते. मला सांगून काय करता? ज्यांच्यापुढं बोलला व्हता, त्यांच्यापुढं बोला."

त्या मजुरांतले थोडेच उरलेत. ते गिरणीशेजारच्या हॉटेलात चहाला बसतात. मी तिथं जाऊन बोललो. कडीचं, नाक्याचं, सगळं. ज्याच्या आईचं गाठोडं सोडलं होतं तोही होता; मिस्त्रीला 'ढिली चेन' म्हणणाऱ्यांतलाच एक. त्यानं कप हातात तसाच धरून विचारलं,

"माझ्या आईचं गाठोडं तूच सोडलं व्हतंस का?"

"असंल," मी म्हणालो. "लई सोडली."

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडं न बघता उठला, काठी घेतली, आणि घराच्या वाटेला न लागता गिरणीत शिरला. आत चालू असलेली मशीन थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं.