मालकांच्या गाडीतला रेडिओ

मलकापुरात तेव्हा मोटारी मोजक्याच होत्या, आणि त्यातली एकच अशी होती की ती आली की रस्त्यातल्या म्हशीसुद्धा न हाकलता बाजूला होत. अमेरिकन बनावटीची, लांबलचक, फिकट हिरव्या रंगाची. कुठल्याशा संस्थानिकाकडून ती आमच्या गावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांनी विकत आणली होती आणि माझे वडील ती चालवत. मी वडिलांना बा म्हणत असे. बा जिनिंगवाल्यांना मालक म्हणायचा, म्हणून मीही इथे मालकच म्हणतो. महाराष्ट्र होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील.

गाडी परदेशी, त्यामुळे तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. चालवणारा डावीकडे, शेजारचा उजवीकडे आणि दोघांच्या मधोमध, कंपनीनंच बसवून दिलेला रेडिओ. काचेच्या नळ्यांचा, म्हणजे वाल्व्हचा. बटण फिरवलं की आधी नुसती घरघर, मग काचेमागे पिवळा उजेड, आणि वाल्व्ह तापले की अर्ध्या मिनिटानं आतून कुणीतरी बोलायला लागे. लहानपणी मला वाटायचं, आतला माणूस चप्पल शोधतोय म्हणून उशीर लागतो. त्या अर्ध्या मिनिटापायीच मी या धंद्यात पडलो. मालकांच्या शब्दावर मला नागपुरात रेडिओचं काम शिकायला जागा मिळाली आणि परत येऊन मी स्टेशनच्या रस्त्यावर दुकान टाकलं. शिकून आलेला म्हणून माझी मिजास फार. काय बिघडलं असेल हो, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर मी मान वर करून बघायचोसुद्धा नाही.

त्याच सुमारास मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या माणसाच्या आवाजानं जिनिंगच्या आवारात गाड्या जुंपल्या जात, त्याला आता सकाळी दोघं उचलून बसवायचे, दोघं आंघोळ घालायचे आणि कुणीतरी मऊ भात भरवायचं. नको असेल तर तोंड फिरवायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं. म्हणजे हातातही नाही.

पण रोज संध्याकाळी साडेपाचला बा त्यांना गाडीत बसवायचा. मागे नाही, पुढे, आपल्या शेजारी. आम्ही बौद्ध. त्या घरात बाची कपबशी इतकी वर्षं गाडीखान्यातल्या कोनाड्यात वेगळी असायची आणि ती बाच विसळायचा. गाडीत मात्र हे दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून बसत. गाडी बऱ्याचदा जागची हलायचीही नाही. मालकांचा डावा हात सावकाश उठायचा, रेडिओच्या बटणापर्यंत जायचा आणि फिरवायला लागायचा. उलट्या बाजूच्या स्टेअरिंगमुळे रेडिओ त्यांच्या डाव्या हाताशीच येई, हे एक नशीब. बातम्या, भजन, कुठल्यातरी न कळणाऱ्या भाषेतलं भाषण, मधे नुसती खरखर. एखाद्या आवाजापाशी ते थांबायचे, ऐकायचे आणि पुन्हा फिरवायचे. स्टेशन निसटलं तरी बा बटणाला हात लावत नसे. मी एकदा लावायला गेलो तर त्यानं माझ्या मनगटावर चापट मारली.

"हात नको लावू बे," तो मला मागाहून म्हणाला. "मालकाले दिवसभर दुसरे हलवतेत. सांजच्याले हे एक मालक सोता हलवतेत."

हे मला सांगितलेलं होतं. मी ऐकलेलं होतं. पुढे जे केलं ते अजाणता केलं असं म्हणायला मला जागा नाही.

मालकांच्या घरी लग्न निघालं. धाकट्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, मुंबईहून गाडीत बसवायचा जपानी टेप आणला. कॅसेटचा. त्यात रेडिओ नव्हता, नुसती टेप आणि खटके. आमच्या भागात असला टेप कुणी पाहिलेला नव्हता आणि तो बसवायला त्यांनी मला बोलावलं. गावात सांगत सुटायला मला एवढं पुरे होतं. आदल्या दिवशी बा दुकानात येऊन बाकावर टेकला.

"जुना तसाच राहू दे ना," तो म्हणाला. "नवा खाले लटकवता येत नाई काय?"

येत होता. दोन पट्ट्या, चार स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. पण खाली लोंबकळणारा टेप गावठी दिसतो असं माझं मत, आणि वरात निघेल तेव्हा लोकांनी डॅशबोर्डाकडे बघून मिस्त्री कोण म्हणून विचारावं अशी माझी हौस. शिवाय त्या जुन्या सेटमधल्या वाल्व्हवर माझा डोळा होता. तसले वाल्व्ह मिळता मिळत नव्हते आणि दोन गिऱ्हाइकांचे सेट त्यापायी माझ्याकडे अडून पडले होते. आमच्या धंद्यात एक रीत आहे: काढलेला जुना माल मिस्त्रीचा. गिऱ्हाईक मागत नाही, मिस्त्री विचारत नाही.

"बा, दोघांचं करंट एकमेकात शिरते," मी म्हणालो. "जमत नाई."

असं काही नसतं. बाला विजेतलं कळत नव्हतं आणि मुलगा शिकलेला आहे यावर त्याचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीखान्यात काम केलं. नव्या टेपची खाच मोठी, म्हणून डॅशबोर्डाचा पत्रा करवतीच्या पात्यानं कापला. एकदा तो कापल्यावर जुनी काच, जुनी बटणं तिथे परत बसणार नव्हती, हे मला कापण्याआधी माहीत होतं. पत्र्याचा कीस गादीवर पडू नये म्हणून बा खाली फडकं धरून उभा होता. जुना सेट जात्याच्या तळीएवढा जड. स्पीकरसकट तो सायकलच्या कॅरिअरला बांधून मी दुकानात आणला आणि दिवे लागायच्या आत त्याची आतडी काढली. वाल्व्ह त्या दोन सेटमध्ये गेले. स्पीकर माझ्या समोरच्या हॉटेलवाल्याला दिला. त्याला रस्त्यावर गाणी ऐकू जावीत म्हणून दारावर एक जादा स्पीकर हवाच होता. माझ्याकडे उरला रिकामा डबा आणि स्टेशन फिरवायचं एक बटण.

पुढच्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो, कौतुक ऐकायला. मालकांना पुढे बसवलं होतं. त्यांचा हात उठला, नेहमीच्या जागी गेला. तिथे गुळगुळीत पत्रा होता. बोटं इकडे सरकली, तिकडे सरकली, खटक्यांवर आली. खटके कडक, त्या बोटांत दाबण्याचं बळ नव्हतं. बानं कॅसेट लावून दिली. लग्नातली सनई मोठ्यानं वाजायला लागली आणि मालक बाच्या तोंडाकडे बघायला लागले. हात पुन्हा गेला. पुन्हा तोच पत्रा. मग त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला. बानं सनई बंद केली. मला वाटलं, सवय होईल.

सवय झाली नाही. दुसऱ्या दिवशी हात उठलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाताला ते तोंड फिरवायला लागले. चौथ्या दिवशी बा दुकानात आला.

"मालकाचा रेडिओ परत लावून दे."

"पत्रा कापला ना, बा."

"खाले लटकव. नायतर माह्या मांडीवर ठेवतो मी. पन लाव."

बाच्या डोळ्याला डोळा देऊन मी सेट विकून खाल्ला हे सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणालो, "तपासायले लाइनवर लावला होता, तं जयला."

"जयला?"

"हाव. पुरा जयला."

बानं दुकानाच्या फळ्यांवरून नजर फिरवली. "काई राह्यलं काय त्यातलं?"

सुटलो एकदाचा, या आनंदात मी खण उघडला आणि ते बटण त्याच्या तळहातावर ठेवलं. हस्तिदंती रंगाचं, मालकांच्या बोटांनी कड झिजलेलं. बानं ते उलटसुलट करून पाहिलं, खिशात टाकलं आणि "बरं" म्हणून गेला. पुरा जळलेल्या सेटचं बटण असं काजळीचा डागही न लागता कसं राहील, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात त्या वेळी आलं नाही. त्याच्या आलं असणार.

दोन दिवसांनी, साडेपाचच्या सुमारास, ती हिरवी गाडी आमच्या रस्त्यावर आली आणि हॉटेलाला लागून उभी राहिली. उलट्या बाजूला. बानं जन्मात कधी गाडी उलट्या बाजूला लावली नव्हती. आता मालकांची खिडकी हॉटेलाच्या दाराशी होती आणि बाची बाजू माझ्या दुकानाकडे. हॉटेलवाला धावत चहा घेऊन आला. चहा प्यायला आले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

मग बातम्या लागल्या. वाचणाऱ्याचा आवाज जाड, आणि त्या आवाजाबरोबर दारावरचा स्पीकर फडफडायला लागला. ती फडफड माझीच होती. वर्षाआधी, गाडीत असताना, त्या स्पीकरचा कागद फाटला तेव्हा मी पतंगाचा कागद डिंकानं चिकटवून दिला होता आणि कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून खूश होतो. बाच्या ती रोज कानावर होती. मालकांच्याही. मालकांनी मान वळवली. त्यांचा डावा हात वर आला. त्या हातात बटण होतं, आणि ते हवेत फिरत होतं.

बा खाली उतरला, रस्ता ओलांडून माझ्यापुढे उभा राहिला. "चाल."

त्यानं मला हॉटेलातल्या रेडिओपाशी नेलं. "मालक फिरवतेत तसं फिरव," एवढंच म्हणाला आणि जाऊन स्टेअरिंगपाशी बसला. चोरी पकडली असं म्हणाला नाही. मी खिडकीतल्या हाताकडे बघत रेडिओची सुई सरकवू लागलो. हात थांबला की थांबायचं, फिरला की फिरवायचं. पहिल्यांदा एका भजनापाशी तो हात थांबला तेव्हा मालकांचं तोंड वाकडं झालं. ते हसले होते.

चार संध्याकाळी मी हे केलं. भात जायला लागला, असं बा घरी आईला सांगताना मी ऐकलं. पण खरखर ऐकून हॉटेलवाला कुरकुरायला लागला, आणि बाकावर बसणारे माझ्यावर फिदीफिदी हसायला लागले. "काऊन बे, नागपूरले हेच शिकून आला काय, काटा फिरवाचं?" एकानं विचारलं. माझी मिजास अजून जागची हलली नव्हती. ते बोलणं मला झोंबलं.

पाचव्या दिवशी सव्वापाचला मी आतून दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आणि अंधारात स्टुलावर बसलो. गाडी आली. फटीतून सगळं दिसत होतं. बा उतरला, रस्ता ओलांडून आला आणि फळ्यांपुढे उभा राहिला. बाहेरचं कुलूप नव्हतं. आत कोण आहे हे त्याला कळलंच. त्यानं हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. त्याच्या सदऱ्याचं बटण माझ्या डोळ्यापासून वीतभर लांब होतं. मी श्वास धरून बसलो. थोड्या वेळानं तो परत गेला.

हॉटेलात सिनेमाची गाणी लागली होती. खिडकीत मालकांचा हात फिरत होता. गाणं बदलत नव्हतं. ते आणखी फिरवत होते, उलटं, सुलटं, जोरानं. आतापर्यंत ज्या बानं त्यांच्या बटणाला कधी हात लावला नव्हता, त्यानं आपला हात नेला आणि मालकांच्या हातावर ठेवला. मालकांचा हात थांबला. मग बानं गाडी सुरू केली. ती पुन्हा आली नाही.

मालक पोळ्याच्या आधी गेले. गाडी टेपसकट कुणाला तरी विकली गेली. बा आणखी नऊ वर्षं जगला, माझ्याशी नीट बोलला, माझ्या लग्नात नाचलासुद्धा. त्या गोष्टीचा त्यानं एकदाही उच्चार केला नाही. मीही केला नाही. माफी मागायला रोज सवड होती.

एकदा घरचा रेडिओ बंद पडला. मी दुकानातून येऊन बघणारच होतो. पण बानं तो धोतरात गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि माझ्या दुकानावरून, माझ्या डोळ्यांदेखत, बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. पुढे त्या मिस्त्रीनं मला हसत हसत सांगितलं, तुझा बाप मोठा वल्ली. रेडिओ टेबलावर ठेवला आणि बिघाडाचं काही न सांगता आधी म्हणाला, "जे जुनं काढशीन, ते मले वापस देजो. ते कामाचं नाई, असं तू ठरवू नको."