आबाजी मर्त्य आहेत

तुमच्या आईने फोनवर सांगितले की तुम्हा दोघांपैकी एकाचा एक विषय राहिला आहे, आणि तो कोणाचा हे आजीला सांगायचे नाही असे घरात ठरले आहे. मी विचारणार नाही. दोघांनाही हाच मजकूर पाठवते, म्हणजे ज्याचा राहिलेला नाही त्यालाही वाचावा लागेल.

मी इंटरला तर्कशास्त्रात नापास झाले होते. देश स्वतंत्र होऊन काही वर्षे झाली होती. गोंदियाजवळच्या आमच्या गावातून नागपूरच्या कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. शिकवणे सगळे इंग्रजीत. माझ्या वह्या फार देखण्या होत्या: व्याख्या लाल शाईत, उदाहरणे निळ्या शाईत, प्रत्येक धड्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. त्या इतक्या व्यवस्थित होत्या की त्यांत लिहिलेले आपल्याला समजले आहे का, हे तपासावे असे मला कधी वाटलेच नाही. पेपरात एक युक्तिवाद तपासायला दिला होता. पाऊस पडला तर जमीन ओली होते; जमीन ओली आहे; म्हणून पाऊस पडला. मी पाठ असलेल्या सगळ्या व्याख्या लिहिल्या, युक्तिवाद अगदी बरोबर आहे असा निर्वाळा दिला आणि खाली पट्टीने रेघ ओढली.

निकाल छापलेले वर्तमानपत्र पाहायला बाबूजी, म्हणजे माझे वडील, गोंदिया स्टेशनवर गेले. माझा नंबर त्यांनी इतका वेळ शोधला की स्टॉलवाला शेवटी म्हणाला, "बाबूजी, जो छपा ही नहीं, वो देखने से थोड़ी छपेगा."

कॉलेजात नापास झालेले माणूस आमच्या गावाने त्याआधी पाहिले नव्हते. अशा वेळी काय करावे याची काही रीत नव्हती, म्हणून लोकांनी त्यातल्या त्यात जवळची रीत धरली, ती मयतीची. बायका येऊन माझ्या आईजवळ गप्प बसू लागल्या. पदराने डोळे टिपत एकीने विचारले, फार त्रास तर नाही ना झाला? आईनेही गंभीरपणे सांगितले, नाही, पेपरातच समजले. मी आतल्या खोलीत धडधाकट बसले होते आणि भूक लागली होती, पण बायका असेपर्यंत जेवणे बरे दिसले नसते.

सप्टेंबरात फेरपरीक्षा होती. बसायचे तर नागपूरला परत जायला हवे होते, आणि त्याला आबाजींचा होकार हवा होता. आबाजी म्हणजे माझे आजोबा, बाबूजींचे वडील. घरात त्यांच्याशिवाय बैलसुद्धा विकला जात नसे. त्यांनी नाही म्हटले असते तर माझे शिक्षण तिथेच संपले असते. दिवाळीनंतर लग्न हे सगळ्यांनी न बोलता धरलेले होते.

आबाजींनी मला अंगणात बोलावले. पाचसहा शेजारी आधीच येऊन बसलेले होते. ज्या विषयाने नातीला पाडले तो विषय आहे तरी कसा, तो त्यांना पाहायचा होता, एखादा मारका बैल पाहावा तसा. मी वहीतले पहिले उदाहरण काढले. ते एका ग्रीक माणसाचे होते. ग्रीक कोण हे समजावण्यात वेळ जाईल म्हणून त्याच्या जागी मी ओळखीचे माणूस घातले.

सगळी माणसे मर्त्य आहेत, म्हणजे कधी ना कधी मरतात, असे मी सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबाजी माणूस आहेत, असे मी म्हटले. आबाजींनी प्रसन्नपणे मान हलवली. म्हणून, मी म्हटले, आबाजी मरणार.

आबाजींची मान मधेच थांबली.

"कायले?" आबाजी म्हणाले.

मी म्हटले, तुम्ही माणूस आहात म्हणून.

"गावात एवढी माणसं आहेत. मीच काऊन?"

तिथे मी थांबायला हवे होते. पण मला वाटले, नाव बदलले की झाले. तलावापलीकडच्या काकाजींना मी त्यांच्या जागी बसवले. आबाजी आणि काकाजी यांच्या पूर्वजांनी मिळून गावचा तलाव बांधला होता, आणि तेव्हापासून त्याच्या पाण्यावरून दोन्ही घरे भांडत होती. काकाजी माणूस आहेत, म्हणून काकाजी मरणार, हे ऐकताच आबाजी सरसावून बसले. हे मात्र बरोबर आहे, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले.

ही बातमी आमची गाय गोठ्यात परतायच्या आत काकाजींच्या घरी पोचली. काकाजी चिडून आमच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेरूनच बाबूजींना म्हणाले, "तुमची पोरगी नागपुरात जाऊन माणसं मारणं शिकून राहिली का?"

इकडे आबाजींचे समाधान टिकले नाही. नाव बदलल्याने आधीचे रद्द होते का, हे त्यांनी मला विचारले आणि मी खरे ते सांगितले, की होत नाही. त्यांनी बाजेवर अंग टाकले. मरणाऱ्याला जेवण कशाला, म्हणून फक्त तांदळाची पेज घेऊ लागले. आता आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येऊ लागली. काही मी नापास झाले म्हणून, काही आबाजी मरणार म्हणून. दोन्ही एकाच सतरंजीवर बसत. नेमके कशाबद्दल हळहळायचे ते आल्यावर आईला विचारून घेत.

फेरपरीक्षेचे मी बाबूजींमार्फत विचारून पाहिले. बाजेवरून उत्तर आले की ज्या विद्येत आपण मरतो ती शिकायला आपल्या घरचे कोणी जाणार नाही.

त्या वर्षी पावसाला उशीर होता. धानाची रोपे ज्यात वाढवतात ते पऱ्हे वाळू लागले होते, म्हणून तलावातले उरलेले पाणी पाळीपाळीने सोडायचे ठरले. पाणी सोडायच्या तोंडाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्या रात्री पाळी आमची होती आणि फक्त आमच्या बाजूचे तुडुम उघडले होते. सकाळी गडी पाहायला गेला, तर आमचे पऱ्हे कोरडे आणि शेजारचे, काकाजींचे पऱ्हे चिंब ओले. हे कळताच आबाजी बाजेवरून उठले, पागोटे बांधले आणि मरण बाजूला ठेवून तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गेले. मागोमाग गाव गेले. मीही आईबरोबर बायकांच्या मागे उभी राहिले.

आबाजींचे म्हणणे साधे होते. काकाजींनी रात्री त्यांच्या बाजूचे तुडुम उघडले असेल तर त्यांचे पऱ्हे ओले होणार. पऱ्हे ओले आहे. म्हणजे काकाजींनी तुडुम उघडले. काकाजी शपथा घेत होते, पण ओल्या मातीपुढे शपथा फिक्या पडत होत्या. लोक आबाजींच्या बाजूला झुकू लागले.

मी ते ऐकत होते. हा माझाच पेपर होता. पावसाच्या जागी तुडुम आले होते, एवढेच. आणि कॉलेजच्या हॉलमध्ये मला जे दिसले नव्हते ते इथे अगदी उघड दिसत होते: पाणी यायला तुडुम ही एकच वाट थोडीच असते?

हे मी मोठ्याने बोलून गेले. पुरुषांनी वळून पाहिले. आईने माझा दंड धरला.

"काय म्हणते?" आबाजींनी विचारले.

"आबाजी, तुडुम उघडलं तर पऱ्हं ओलं होते, हे खरं. पण पऱ्हं ओलं आहे म्हणून तुडुमच उघडलं, असं ठरत नाई. पाणी दुसरीकडूनबी येऊ शकते."

"दुसरीकडून कुठून?"

ते मला माहीत नव्हते, आणि तसे मी सांगितले. मग सगळे मिळून दुसरी वाट शोधू लागले. ती आमच्याच धुऱ्यात सापडली. खेकड्याने मोठे बीळ केले होते आणि आबाजींच्या पाळीचे आबाजींचे पाणी आबाजींच्या बांधातून निवांत काकाजींकडे गेले होते. बिळात हात घातल्यावर आरोपी स्वतःच बाहेर आला, एका नांगीने गड्याचे बोट धरून.

काकाजींनी वाकून बीळ पाहून घेतले. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले की पोरी, तू मले मारलं होतं ते माफ.

त्या दिवशी आमच्याकडे आरोपीचा आणि त्याच्या भाऊबंदांचा रस्सा झाला. पेजेवर असलेल्या आबाजींनी भात दोनदा मागून घेतला. आई वाढत होती, बाबूजी मान खाली घालून जेवत होते. मी पाणी द्यायला गेले तेव्हा आबाजींनी मला थांबवले.

तुडुमाचे त्यांचे गणित चुकले, हे त्यांनी मान्य केले. मग नांगी चोखत विचारले, "अन् त्या दिवशीचं? मी माणूस आहो म्हणून मरणार, त्यातबी असंच काई भोक आहे का?"

मला खोटे बोलता आले असते. बाबूजींनी डोळ्यांनी तेच सुचवले. पण सकाळी जे समजले होते ते आता मला सोडवत नव्हते.

"नाई आबाजी. ते बरोबर आहे."

आबाजींनी नांगी ताटात ठेवली.

"कधी, ते सांगते का तुयं शास्त्र?"

"नाई सांगत."

"मंग अर्धंच शिकून आली तू," ते बाबूजींकडे वळून म्हणाले. "अर्ध्या विद्येत माणसाचं नाव घालते अन् तारीख सांगत नाई. नेऊन घाल हिले नागपूरले. पुरं शिकून येऊ दे."

सप्टेंबरच्या पेपरात युक्तिवाद तपासायचा प्रश्न पुन्हा होता, दिव्याचा आणि उजेडाचा. मी व्याख्या फार लिहिल्या नाहीत. खेकड्याबद्दल लिहिले. इंग्रजी साधे होते आणि खाली रेघ मारायला वेळ उरला नाही. पास झाले.

आबाजी त्यानंतर बरीच वर्षे जगले. दर सुट्टीत मी घरी गेले की आधी प्रवासाचे विचारत, मग जेवणाचे, आणि मग आवाज खाली आणून, तारखेचा काही शोध लागला का ते. मी नाही म्हणे. ते समाधानाने मान हलवत आणि बाबूजींना सांगत, पुढच्या वर्षाची फी भरून टाक, अजून शिकून राहिली आहे.