कंसातलं उद्गारचिन्ह

त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे समोर माणूस आला की आधी त्याची चूक दिसायची, मग माणूस. एकदा किराणा दुकानाच्या पाटीवरची वेलांटी सुधारून आले होते, तीही दुकानदाराच्याच शिडीवर चढून. स्वतःची चूक मात्र त्यांना उभ्या आयुष्यात एकही सापडली नव्हती. शोधली असती तर सापडली असती म्हणा, पण शोधतो कोण!

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी गाडी घेतली आणि साठीत चालवायला शिकले. सगळी गल्ली हसली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटायचं ते बायकोचं, म्हणजे काकूंचं. काकू गाडीत बसायला तयार नव्हत्या. "मला अजून बरंच जगायचंय," म्हणायच्या आणि सरळ बस पकडायच्या. शेजारची सीट कानामात्रा दर रविवारी पुसायचे. तिच्यावर कोणी बसतच नव्हतं, तरी पुसायचे.

मग काकूंची बहीण घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. तिचं घर टेकडीवर. बस खालीच थांबते आणि काकूंचे गुडघे तर विचारूच नका.

"एकदा बसून बघते तुमच्या गाडीत," काकू म्हणाल्या. "पण जीव टांगणीला लागला ना, तर परत नाव काढायचं नाही!"

कानामात्रांना आकाश ठेंगणं झालं. आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीत लाल दिवा लागला.

एक गोल, दोन्ही बाजूंना कंस, मध्ये उद्गारचिन्ह. दुसरा कोणीही म्हणाला असता, ब्रेकचं काहीतरी आहे. पण छापखान्यात कंसातल्या उद्गारचिन्हाचा अर्थ एकच, कुजका टोमणा. 'पाहुणे अगदी वेळेवर (!) आले.' म्हणजे गाडी काय म्हणतेय? 'हे गृहस्थ गाडी चालवतात (!)'. कानामात्रांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात हँडब्रेक जरासा वर राहिलेला दिसला. तो पूर्ण खाली केला, दिवा गेला. झालं, आपल्याला दिव्याचं सगळं कळलं असं त्यांनी ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी हँडब्रेक खाली असतानाही दिवा लुकलुकायला लागला. तोही वळणावरच. वळणं हा कानामात्रांचा कच्चा विषय, त्यामुळे टोमण्याबद्दल शंकाच उरली नाही. गाडीसोबतचं माहितीपुस्तक त्यांनी उघडलं, पहिल्याच पानावर 'सुचना' असं ऱ्हस्व दिसलं आणि पुस्तक मिटलं. "यांना शब्द लिहिता येत नाही, हे मला काय शिकवणार!" मग त्यांनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली आणि दिव्यावर चिकटवली. गॅरेजमध्ये दिली तर गाडी तिथेच अडकली असती, आणि काकूंच्या नजरेला तो लाल रंग पडला असता तर संपलंच सगळं.

ठरल्या दिवशी काकू बसल्या. पिशवी पोटाशी आवळून. चढ नीट पार पडला. वर बहिणीकडे तर काकू चक्क म्हणाल्या, "बरी चालवतात हो." कानामात्रांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण चहा दोनदा मागितला.

परत निघाले. उतार सुरू व्हायच्या आधी एक वळण होतं. कानामात्रांनी ब्रेक दाबला, तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला. उशीवर पाय ठेवावा तसं मऊ लागलं.

"अहो, त्या कागदाखाली लाल काय दिसतंय?"

"छपाईची चूक आहे," कानामात्रा सवयीनं बोलून गेले.

पण ब्रेक पुन्हा दाबून पाहिला, तर तो तसाच मऊ. हळूहळू, गिअरवर, देवाचं नाव घेत खाली उतरता आलंही असतं कदाचित. काकूंना कळलंही नसतं, आणि उद्याही त्या शेजारी बसल्या असत्या. आणि ब्रेक लागलाच नाही तर? शेजारी काकूच बसल्या होत्या. त्यांनी वेग आणखी कमी केला, सपाटीवर कडेला गाडी घेतली, हँडब्रेक वर ओढला आणि इंजिन बंद केलं.

"ब्रेकमध्ये बिघाड आहे," ते म्हणाले. "दिवा आठवडाभर लागतोय. मीच त्यावर कागद लावला. चूक माझी आहे. इथून पुढे मी तुला घेऊन उतरणार नाही."

पुढचा अर्धा तास काकूंनी जे काही ऐकवलं, त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. फोन केल्यावर मेकॅनिक आला. ब्रेक ऑइल डब्यातल्या खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं, मागच्या चाकापाशी नळी गळत होती. "नुसतं ऑइल भरून भागायचं नाही," तो म्हणाला, "ओढूनच न्यावी लागेल." काकू टॅक्सीनं घरी गेल्या. कानामात्रा गाडीबरोबर गेले, मान खाली घालून.

गाडी दुरुस्त होऊन आली. बहिणीकडे जायचा दिवस उजाडला, तसा कानामात्रांनी मुकाट्यानं टॅक्सीला फोन लावला. बाहेर येऊन बघतात तर काकू गाडीत बसलेल्या, पट्टासुद्धा लावलेला.

"टॅक्सी नको म्हणून सांगा त्याला."

"अगं, पण..."

"इतकी वर्षं संसार केला, 'चूक माझी आहे' हे तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला बसायची भीती तुमच्या हाताची नव्हती हो."

कानामात्रांनी टॅक्सीवाल्याला नको म्हणून कळवलं आणि ते गाडीत बसले. त्यांनी किल्ली फिरवली. सगळे दिवे एकदम लागले, काकू दचकल्या.

"सुरुवातीला सगळे लागतातच," ते म्हणाले. "मग विझायला हवेत. हँडब्रेक खाली करूनही लाल राहिला, तर निघायचं नाही."

त्यांनी हँडब्रेक खाली केला. दोघं पुढे वाकून बघत बसली.

"गेला?" काकूंनी विचारलं.

"गेला. तूही बघ. माझ्या एकट्याच्या नजरेवर जाऊ नकोस."