डोक्याचा मान

आमच्या गावात शिकारीचे वाटे पाडायची रीत आहे. जनावर कोणीही मारो, वाटा घरटी जातो, आणि डोकं जातं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या घरी. त्यानं मारलं म्हणून नाही, तो वडीलधारा म्हणून. अहेरीपासून आत, जंगलाला खेटून आमचं गाव. गेली काही वर्षं हा मान माझ्या बाबाचा होता, आणि बाबाला त्याचं भारी कौतुक.

त्या साली शेजारच्या काकानं धानाच्या बांधावर क्लच वायरचा फासा लावला. लावला होता रानडुकरासाठी, अडकलं चितळ. वाटे पडले, डोकं आमच्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉरेस्टवाले जीप घेऊन हजर. साहेबानं विचारलं, डोकं कोणाच्या घरी आहे? माझा बाबा छाती काढून पुढे झाला आणि म्हणाला, "माह्या घरी. डोस्कं माह्याच घरी येते." साहेबाला वाटलं, डोकं ज्याच्याकडे तोच शिकारी. डोकं मिळालेला माणूस शिकारी नसतोच, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या सकाळी सगळा गाव माना खाली घालून उभा राहिला, शेजारचा काकासुद्धा. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

बाबा चंद्रपूरच्या जेलमध्ये गेला. जामीन काही होईना. दर पंधरा दिवसांनी मी आणि माय मुलाखतीला जायचो, पहाटेची एसटी धरून. आधार कार्ड दाखवा, कागद भरा, नाव पुकारेपर्यंत बाहेर बसा. आत गेलं की मध्ये काच आणि बोलायला फोन. बाबा फोन उचलायचाच विसरायचा. काचेपलीकडे नुसते ओठ हलताना दिसायचे, आणि मी हातवारे करकरून त्याला फोन दाखवेपर्यंत अर्धा वेळ गेलेला असायचा. मायला तर त्या फोनवर काही बोलताच यायचं नाही. ती कानाला लावून नुसती बघत बसायची.

वकिलानं मला स्पष्ट सांगितलं होतं, फासा लावणाऱ्याचं नाव पुढे आलं तर बाबाचा जामीन सोपा आहे. मी बाबाला म्हटलं, "नाव सांगून द्या ना. काऊन दुसऱ्याचं वझं वाहून राह्यले?"

"त्याचे लेकरं लहान हायेत," बाबा म्हणाला. "मी म्हातारा झालो. माह्यावाचून काय अडते?"

"आमचं अडते, बाबा."

"डोस्कं मी घेतलो. मंग आता मागं सरू का?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला.

पाचव्या महिन्यातली मुलाखत. बाबा निम्मा उरला होता, खोकत होता. मागून शिपायानं कोणाला तरी आवाज दिला, दुसऱ्याच कोणाला, तर बाबा झटक्यात जमिनीवर उकिडवा बसला, हात जोडून, मान खाली. भरल्या पंचायतीत ज्याच्या शब्दावर तंटे मिटायचे तो माझा बाप. त्याचं त्यालाही कळलं नाही आपण काय केलं ते. उठला आणि मला विचारू लागला, बैलं बरे हायेत का. त्या क्षणी मी ठरवलं की हा माणूस मला इथं मरू द्यायचा नाही.

परतताना अहेरीला उतरलो. मायला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मी वनविभागाच्या ऑफिसात गेले. काकाचं नाव सांगितलं, फासा कुठल्या बांधावर होता ते सांगितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर येऊन मायला सांगितलं तेव्हा तिनं आधी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "झालं ते झालं. आता कोनापासी बोलू नको."

काकाला नेलं. चार दिवसांनी काकी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तुले सारं माहीत हाय, मुलाखतीचं भरून देजो." मी भरून दिलं. कैद्याशी नातं या रकान्यात पत्नी लिहिलं, तिचा अंगठा घेतला, एसटीची वेळ सांगितली. जाताना तिनं परसातली वांगी दिली, आणि मी ती घेतली. इतकी निर्लज्ज मी त्याआधी कधी झाले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात बाबा सुटला. घरी आला, पाय धुतले, आणि पहिलंच विचारलं, "त्याचं नाव कोनं सांगतलं?"

मी तोंड उघडलंच होतं. माय चुलीपासून म्हणाली, "मी."

बाबानं तिच्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेला. मी मायवर धावलेच, हे काय केलंस म्हणून. ती म्हणाली, "तुले अजून जगायचं हाय. तुह्याशी बोलला नाई तं तो कोनाशी बोलन?"

काकाही नंतर जामिनावर सुटून आला. आता दोघं संध्याकाळी आमच्या ओट्यावर बिडी ओढत बसतात. राग आहे तो फक्त मायवर. बाबा तिच्याशी बोलत नाही, तिच्या हातचं पाणी घेत नाही. माय रांधते, ताट वाढते, आणि मी ते नेऊन त्याच्यापुढे ठेवते. मी अंगणवाडीच्या कामानं बाहेर असले तर तो उपाशी बसून राहतो. आल्यागेल्याला सांगतो, माही पोरगी होती म्हनून जेलात तगलो. मी ऐकून घेते. सांगायचं म्हणून किती वेळा उठले असेन, आणि दर वेळी मायनं डोळ्यांनीच खाली बसवलं. खरं बोलायचं तर बसवून घ्यायला मीही तयारच असते.

परवा जेवता जेवता बाबा हळूच म्हणाला, "त्या दिवसी तू होतीस ना तिच्यासंग? अडवाले पायजे होतं तिले."

माय आतच होती, दोन हातांवर.

मी म्हटलं, "हो, बाबा. चुकलं माह्यं."