बैलाचं नाक

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. घोडेगावच्या बाजारात आमचा बैल बघायला एक लाल फेटेवाला आला, खांद्यावर नवं कोरं दावं टाकून. बाकीची गिऱ्हाइकं बैलाचे दात बघायची. हा बेटा गुडघे टेकून नाक बघत बसला, वर खुदुखुदु हसतोय!

रुमालाखाली बोटं दाबून त्यानं वडिलांशी भाव ठरवला. हात अजून रुमालाखालीच होते, पण त्याच्या पोटात काही राहीना.

"आन्ना, गंमत सांगू? मानसाच्या बोटाचा ठसा जसा ज्याचा त्याचा, तसंच बैलाच्या नाकाचं हाय. असलं नाक साऱ्या दुनियेत दुसरं न्हाई!"

वडील वाकले. रोज वैरण घालूनही त्या ओल्या नाकावरच्या रेघा त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. बराच वेळ पाहून त्यांनी रुमालाखालचा हात हळूच काढून घेतला.

"न्हाई इकायचा."

आता हा भडकणार, असं मला वाटलं. पण गडी टाळ्या पिटत नाचायलाच लागला. "पटलं! आन्नाला पटलं!" आणि लगेच शेजारच्या बैलापुढे जाऊन बसला.

आम्ही घरी निघालो, तेव्हा रस्त्यानं आणखी चार बैल आपापल्या धन्यांबरोबर माघारी चालले होते. सगळ्यांच्या मागून तो येत होता. खांद्यावर रिकामं दावं आणि तोंडभर हसू.