कॉम्प्युटरवरचा लाल ठिपका

त्या दिवशी सकाळी कोथरूडात चांगलीच थंडी होती. ऊन वर आलं तरी धुकं हललं नव्हतं. शेजारच्या सुमनताई यायच्या होत्या, म्हणून मी कॉम्प्युटर लवकर लावून ठेवला. त्यांचा किरण कॅनडात असतो. दर वर्षी येतो म्हणतो आणि येत नाही. मग मायलेकांत वाद, तू म्हणालास, मी कुठं म्हणालो. म्हणून ताईंना या वेळी त्याचा शब्द रेकॉर्ड करून हवा होता.

धूळ बसावी तसे या कॉम्प्युटरवर किस्से बसलेत. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मुलानं बदली होऊन जाताना एवढंच शिकवलं, की लाल ठिपका दाबला की कॉल रेकॉर्ड होतो. इंग्रजी येत नसलं तरी लाल रंग मला कळतो. हळूहळू बिल्डिंगभर बातमी झाली.

*

पहिला कॉल मांजरी गावात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा. तो बोलायला लागला की थांबत नाही. नंतर लावून बघतो तर चित्र आलेलं, आवाज नाही. भाऊ आपला नुसता तोंड हलवतोय. आमची ही भाजी निवडत शेवटपर्यंत बघत बसली. म्हणाली, "भावजी असे किती छान वाटतात!"

*

वरच्या मजल्यावरच्या जाधवांनी मुलाच्या स्थळाचा व्हिडिओ कॉल माझ्याकडे ठेवला. पुढे कुणी शब्द फिरवू नये, हा हेतू. मी म्हटलं, समोरच्यांना सांगितल्याशिवाय मी ठिपका दाबत नाही. त्यांनी सांगितलं. झालं! दोन्हीकडची माणसं बातम्या दिल्यासारखी बोलायला लागली. मानपानाचं नाव कुणी काढेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "काका, मुलाचा आवाज रेकॉर्ड होतोय ना? अजून ऐकला नाही, म्हणून विचारलं."

लग्न जमलं.

*

याच जाधवांनी एकदा साडूचा निरोप घेतला, कॉल बंद केला, आणि ठिपका तसाच चालू राहिला. मग साडूबद्दल ते जे काही बोलले, ते सगळं आत गेलं. न ऐकताच त्यांनी ते साडूला आठवण म्हणून पाठवून दिलं. साडूचं उत्तर आलं, "आवाज स्पष्ट आहे."

*

तर सुमनताई आल्या. ताईंनी किरणला आधी विचारलं, तो हसून 'कर' म्हणाला. त्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून ताईंनी हेडफोन घातला. मी ठिपका दाबला आणि चहा टाकायला आत गेलो.

कॉल झाल्यावर लावलं. हेडफोनमुळे किरणचा आवाज ताईंच्या कानातच राहिलेला. कॉम्प्युटरात आल्या त्या एकट्या ताई.

"अरे तिकीट केवढं महाग... नको, उगाच रजा घालवू नकोस... मला काय होतंय, ठणठणीत आहे... बायकोला विचार आधी, तिचं काही ठरलं असेल... बरं, बघू मग पुढच्या वर्षी."

मी म्हटलं, ताई, चूक माझी, त्याचं बोलणं आलंच नाही. परत लावू या का कॉल?

त्या म्हणाल्या, आधी हेच परत लावा. मी लावलं. चहा निवत होता. पूर्ण ऐकून त्यांनी हातातला हेडफोन टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "आप्पा, यात 'ये' असं मी कुठं म्हटलंय?"