ऊपर सब ठीक?

भूत, आत्मा, करणी... असलं काही मी मानत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या मालवणाकडे पिंपळागणिक एक भूत असतं, तिथे वाढूनही मानलं नाही! तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आणि धाकटा भाऊ दिनू, दोघंही एका शिडाच्या ट्रेनिंग जहाजावर खलाशी होतो. तिथे वारा म्हणजे सासूच – कधी फिरेल नेम नाही. हातात जेवणाचं ताट असलं तरी टाकून पळायचं, शिडं फिरवायची. वर डोलकाठीच्या आडव्या काठीवर शिडं सांभाळायला माणसं असायची, म्हणून एक नियम पक्का. दोर सोडण्याआधी डेकवरच्या आमच्या साहेबाने वर ओरडून विचारायचं, "ऊपर सब ठीक?" वरून "सब ठीक!" आलं तरच दोर सोडायचा. नाहीतर थांबायचं.

एका दुपारी वारा अचानक उलटा फिरला. जहाजावर बडे पाहुणे होते. साहेबाने विचारलं आणि लगेच हुकूम दिला – "छोड़ो!" काठी गर्रकन फिरली. वरून दिनू डेकवर पडला. जागीच गेला.

चौकशीत साहेब म्हणाला, "जवाब आया था, सब ठीक. लड़के ने खुद को बांधा ही नहीं था." वाऱ्याच्या आवाजात मला खाली काहीच ऐकू आलं नव्हतं, मी काय बोलणार? पोरगा स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला, असं आईला कळवलं. तेव्हापासून ती चारचौघांत दिनूचं नावसुद्धा काढेना. पण दिनू स्वतःला बांधल्याशिवाय 'सब ठीक' म्हणणाऱ्यातला नव्हता; त्या साहेबाला जिवंत गाडावं असं मला वाटायचं... आजही वाटतं.

मी समुद्र सोडला, लखनऊला आलो, अमौसी एअरपोर्टवर कार्गोत लागलो. आणि एक दिवस समोर कोण? साहेब! रिटायर होऊन गोमती नगरात घर बांधलेलं. वर निर्लज्जपणे म्हणतो, "अरे भाई, इतवार को गृहप्रवेश है, ज़रूर आना." गेलो. त्याच्या पाहुण्यांसमोर त्याची अब्रू काढायलाच गेलो!

मे महिना, भरदुपार. गच्चीवर शामियाना, बाहेर लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटलेली. मी बोलायला उठलो, तेवढ्यात पश्चिमेचा वारा एकदम पूर्वेचा झाला. कापड उलटं फुगलं, बांबू करकरले. साहेबाने धावत जाऊन दोर धरला आणि जुन्या सवयीने वर ओरडला, "ऊपर सब ठीक?"

वर कोणीच नव्हतं. तरी वरून आवाज आला – "रुको साब! अभी बांधा नहीं!"

दिनूचा आवाज. आईशप्पथ, दिनूचाच! माझ्या शेजारी उभा असलेला शामियानेवाला वर बघत म्हणाला, "अरे भैया, ऊपर कौन चढ़ा है?"

साहेबाच्या हातातून दोर सुटला. आडवा बांबू गर्रकन फिरून त्याच्या हातावर बसला. तो तिथेच मटकन खाली बसला आणि सगळ्यांसमोर हमसून रडायला लागला – "उस दिन भी यही बोला था... मैंने सुना था. सुनकर भी छुड़वा दिया."

मला दया आली नाही. एवढीशीही नाही.

भास म्हणावा, तर शामियानेवाल्याने ऐकलं ते काय? आणि शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे सगळा वेळ पश्चिमेच्याच वाऱ्याने उडत होते, ते कसं? खूप डोकं खाजवलं.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"हात मोडलो त्येचो?"

"होय, उजवो."

"म्हंजे डावो रवलो," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.